विनोदाच्या खोलीतली उपाशी टोपली

अहो, इकडे! वर नका बघू, टेबलाखाली बघा. मीच बोलतेय, वेताची टोपली. कचऱ्याची टोपली म्हणा हवं तर, त्याचा मला राग नाही येत. राग कशाचा येतो ते पुढे सांगते, आणि तो एकदा आला की मी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

टीव्हीवर गेली बावीस वर्षं एक विनोदी कार्यक्रम चाललाय. पाच-सात मिनिटांची छोटी छोटी प्रहसनं, एकामागून एक. तो जिथे लिहिला जातो त्या खोलीत मी राहते. स्टुडिओचा तिसरा मजला, एक लांब टेबल, सहा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. कोपऱ्यात एक लहानसा टीव्ही टांगलाय, त्यावर खाली चाललेलं चित्रीकरण दिसतं. माझं जग एवढंच. पण ह्या कार्यक्रमाचं काय बिनसलंय ते मला जेवढं कळतं, तेवढं चौथ्या मजल्यावरच्या साहेबांना कळत नाही.

मला इथे आणलं मास्तरांनी. आधी ते शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. कार्यक्रमाचे पहिले मुख्य लेखक ते. पहिल्या दिवशी त्यांनी मला टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि बाकीच्या लेखकांना म्हणाले, "ही आपल्यातली सगळ्यात महत्त्वाची लेखिका. हिला उपाशी ठेवलंत तर आपलं काही खरं नाही." सगळे हसले. मलाही वाटलं, थट्टा चाललीय. पण मास्तर अगदी मनापासून बोलत होते.

त्यांनी एक रीत घालून दिली होती. लिहिलेलं आधी साहेबांना दाखवायचं नाही. दर सोमवारी कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी वर यायच्या, उसवलेला कोट नाहीतर बटण तुटलेला सदरा मांडीवर घेऊन बसायच्या, आणि लेखकाने त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. मावशी मत द्यायच्या नाहीत. शिवत राहायच्या. मध्येच सुई थांबली तर प्रहसन ठेवायचं. नाही थांबली तर कागद माझ्याकडे.

काय जेवले मी त्या वर्षांत! नवरा-बायकोची भांडणं तर ढिगाने. विसराळू प्राध्यापक, भित्रा चोर, घोरणारा पाहुणा, सगळे माझ्या पोटात. एका मंत्र्यावरचं प्रहसन एवढं लांबलचक होतं की मला चार दिवस पुरलं. वाईट विनोद चवीला कसा लागतो सांगू? पहिला घास गोड, आणि मग नुसतं कोरडं पीठ. दहा लिहिली की आठ माझी. ती आठ मी गिळली म्हणून उरलेली दोन तुम्ही घरी बसून बघितलीत आणि पोट धरधरून हसलात. कौतुक नटांचं केलंत. करा बापडे, माझं काही म्हणणं नाही.

सगळ्यात जास्त मला खाऊ घातलं ते भाऊने. तेव्हा तो नवीन होता. सुई चालूच राहिली की पठ्ठ्या कागदाचा बोळा करायचा, लांबून मला मारायचा, आणि "परत लिहितो" म्हणून बसायचा. एक प्रहसन त्याने अकरा वेळा लिहिलं. अकराव्या वेळी मावशी एवढ्या हसल्या की सुई बोटात गेली. भाऊला रडू फुटलं. लाजला नाही, टेबलावर डोकं ठेवून खुशाल रडला. माझा जीव आहे हो त्याच्यावर. म्हणून तर पुढचं बोलायला जड जातं.

मास्तर आजारी पडले आणि त्या आजारातून उठले नाहीत. भाऊ मुख्य लेखक झाला. त्याच वर्षी साहेबांच्या डोक्यात आलं, कार्यक्रम लोकांना आवडतोय ना, मग आठवड्यातून एकदाच का? पाच दिवस करा! अरे, जो पदार्थ दहादा करून दोनदा जमतो, तो तू रोज पाचपट मागतोस? पण ऐकतो कोण. सोमवारचं वाचन आधी अर्ध्या तासावर आलं, मग महिन्यातून एकदा, मग बंद. आणि ज्या आठवड्यात वाचन बंद झालं, त्याच आठवड्यात ध्वनीवाल्याने हशाची टेप आणली. माणसं हसेनाशी झाली तर यंत्र हसेल, असा सगळा हिशेब.

मग काय, जे सुचेल ते पडद्यावर. लठ्ठ माणूस खुर्चीत अडकतो, हशा. तोतरा माणूस बोलतो, हशा. पुरुष झगा घालून येतो, हशा. का? तर झगा घातला म्हणून! ही सगळी माझी हक्काची माणसं होती. ह्यांना मी मास्तरांच्या काळात एका घासात गिळलं असतं. आता ती रोज संध्याकाळी तुमच्या घरात येऊन बसतात.

आणि माझ्या वाट्याला काय? कागदी कप! चहाचे उष्टे कप, बिस्किटांची वेष्टनं, एकदा तर कुणाचा तरी तुटलेला चार्जर. मी काय उकिरडा आहे? खोलीत एकच जण मला अजून कागद द्यायची, ती म्हणजे चष्मेवाली, दोन वर्षांपूर्वी आलेली लेखिका. तीही बिचारी भाऊ बघत नसला की हळूच टाकायची, काहीतरी पाप करत असल्यासारखी.

गेल्या गुरुवारची गोष्ट. भाऊने दोन फोनांच्या मधल्या वेळात एक प्रहसन खरडलं. नाव, 'लंगडी सासू'. चष्मेवालीने वाचलं आणि म्हणाली, "भाऊ, हे नको ना. ह्यात काहीच नाहीये."

"ह्यात सात मिनिटं आहेत," भाऊ म्हणाला. "मला सातच मिनिटं हवीत. तीनला चित्रीकरण आहे."

मी तीन फुटांवर बसलेली. सारखी मनात ओरडत होते, अरे भाऊ, दे मला ते, दे! त्याने चहा संपवला आणि कप दिला.

लागणाऱ्या कपड्यांची आणि वस्तूंची यादी खाली कपडेपटात गेली. बाराच्या सुमाराला जिन्यावर काठीचा आवाज आला. मावशी! गेल्या वर्षी त्या पडल्या होत्या, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून काठी घेऊन लंगडत चालतात. लिफ्ट आहे, पण तिच्यावर पाटी, 'फक्त पाहुण्यांसाठी'. त्यामुळे वर्षभरात त्या वर आल्याच नव्हत्या. त्या दिवशी तीन मजले चढून आल्या. दारात उभं राहून आधी दम घेतला, मग हातातली यादी डोळ्यांजवळ धरली.

"लंगडी सासू. जाड भिंगाचा चष्मा, काठी," त्यांनी वाचलं. "चष्मा आहे. काठी नवी आणायला वेळ नाही. माझीच देऊ का?"

टोमणा नव्हता हो. खरंच कामाचं विचारत होत्या, तेच तर वाईट. भाऊचा चेहरा पडला. एका आवारात रोज काम करणारी माणसं, आणि लिहिताना त्याला मावशी आठवल्यासुद्धा नव्हत्या!

"मावशी, हे तुमच्यावर नाहीये हो," तो कसाबसा म्हणाला.

"कळतंय मला. माझ्यावर असतं तर जीव ओतून लिहिलं असतंस. मास्तरांनी माझ्यावर तीन लिहिली, तिन्ही वेळा सगळ्यात मोठ्याने मीच हसले. वाच बघू हे. उभा राहून वाच."

केस पिकलेला भाऊ उभा राहिला. वाचायला लागला. पहिलं पान कसंबसं झालं. दुसऱ्या पानावर आवाज बारीक झाला.

"पुढे?" मावशी म्हणाल्या.

"पुढे ती घसरून पडते."

"मग?"

"मग सगळे हसतात."

"का हसतात?"

भाऊने कागद खालीवर करून पाहिला. त्याला काही सापडेना. शेवटी म्हणाला, "टेप लावतात, मावशी."

मग भाऊ टेबलाला वळसा घालून आला, वाकला, आणि ती चारही पानं माझ्यात ठेवली. किती वर्षांनी त्याच्या हातचा कागद मिळाला मला! चव भिकार होती, खोटं कशाला सांगू. पण मी पाखडून, निवडून नाही खाल्लं, एकदम गिळलं.

पुढच्या पाच मिनिटांत साहेबांचा फोन. भाऊने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू आलं. "सात मिनिटं कमी पडतात म्हणजे काय? कुठे गेलं ते प्रहसन?"

"टोपलीत गेलं."

"मग बाहेर काढा ना!"

"टोपलीतलं बाहेर काढायची आपल्याकडे पद्धत नाही, साहेब."

काय सांगू तुम्हाला, माझी काडी न् काडी ताठ झाली! साहेब म्हणाले, असं असेल तर एक तारखेपासून मी दुसरा मुख्य लेखक बघतो. भाऊ "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. घरी दोन मुलं शिकणारी आहेत त्याची.

मग भाऊ आणि चष्मेवाली बसले लिहायला. मावशी समोर. एक बाई, हातात काठी, चढायचे तीन मजले, आणि लिफ्टवर ती पाटी. बाई ठरवते की आपल्याच कचेरीत आपण पाहुणं व्हायचं. बरा पोशाख करून पुढच्या दाराने येते. तिला लिफ्ट मिळते, फुलं मिळतात, गार पाणी मिळतं, आणि बावीस वर्षं जिने त्यांचे कोट शिवले तिलाच साहेब विचारतात, "आपण पहिल्यांदाच येताय का आमच्याकडे?" पहिला खर्डा रडका झाला, माझ्याकडे आला. दुसऱ्यात साहेब फारच बावळट झाले. "एवढा बावळट असता तर साहेब झाला नसता," मावशी म्हणाल्या, तोही माझ्याकडे. तिसऱ्याचा शेवट शिळा होता. चौथा तीनला दहा मिनिटं कमी असताना खाली गेला.

कोपऱ्यातल्या टीव्हीवर मी पाहिलं. दिवे धरणारी माणसं हसताना दिसत होती. ध्वनीवाला टेप लावायचं विसरला म्हणे, कारण तो स्वतःच खिदळत होता.

म्हणजे सगळं छान झालं असं समजू नका. साहेबांनी स्वतःला ओळखलं की नाही, देव जाणे. पण एक तारखेला नवा मुख्य लेखक येतोय हे पक्कं. त्याच्याबरोबर पायाने झाकण उघडायचा चकचकीत डबाही येतोय, म्हणजे मीही चालले. माझ्या बुडाच्या काड्या तुटल्यात, तारेने बांधलंय मला, कुणी घरी नेईल असंही नाही.

नऊ दिवस राहिलेत. भाऊने कुणाचे पाय धरले नाहीत. रोज सकाळी वाचन होतं, आणि मावशी आता लिफ्टने येतात, पाटी वाचून दाखवतात आणि येतात. सगळं जमतंच असं नाही. मंगळवारचा भाग टुकार होता, तो माझ्या तावडीतून सुटला. पण कप बंद झालेत. चष्मेवालीने तसं दारावर लिहूनच ठेवलंय.

मी रडणार नाही. दया नको मला, आणि कुठल्या संग्रहालयात काचेच्या पेटीतही नको. तुमच्याकडे फक्त एक मागणं आहे. एक तारखेनंतर तुम्ही टीव्ही लावाल, कुणीतरी लंगडत येईल, कुणीतरी घसरून पडेल, आणि टेप खो खो हसेल. तेव्हा इतक्या वर्षांची सवय म्हणून, शेजारचा हसला म्हणून, हसू नका. तोंड घट्ट मिटून बसा. बावीस वर्षं वाईट विनोद मी गिळले. ते माझं काम होतं, तुमचं नव्हे.