ढापा आणि आठ चौकोन

केनवडला रंगरावच्या घरापुढून रस्त्याला आडवी नाली जाते आणि तिच्यावर सिमेंटचा ढापा आहे. ढापा रंगरावनं स्वतः टाकला, रस्त्याहून चार बोटं उंच, म्हणजे पाणी घरात शिरू नये. पाणी शिरत नाही. पण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेची पिकअप त्याच्यावरून गेली की हादरा बसतो आणि तबकडीवरची सुई उडते.

डीजे म्हणजे रंगरावचाच मुलगा अमरदीप. आणि सुई उडते तेव्हा लागलेलं असतं ते रंगरावचंच गाणं, गायन पार्टीत असताना कॅसेटवर भरलेलं. आता त्यांचा आवाज बसलाय, तो बसलाच. वर्षातून एकदा तो जुना आवाज गल्लीतून जातो आणि स्वतःच्या दारापुढं येऊन अडखळतो. मागच्या वर्षी शेजारचा फुलचंद ओरडला, "रंगराव नालीत पडले बे!" सगळे हसले. रंगरावही हसले. मग दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. सून मंजुषा ताट वाढायची, म्हणून तिलाच ते कळलं.

"बाबा, ढापा फोडून टाकू," अमरदीप म्हणाला.

"ढाप्यात काय दोष हाय? तुह्या सुईत हाय."

"मंग गाणं सरळ लॅपटॉपवरून लावा ना," मंजुषा म्हणाली.

"अन् मी कायले उभा राहू पिकअपवर? हवा खायले?"

खरं तर त्या तबकडीत गाणं नसतंच. गाणं लॅपटॉपात. ते कुठवर आलं, एवढंच सुई लॅपटॉपला सांगते. सुई उडाली की गाणंही उडी मारतं. मात्र वेळेवर एक बटण दाबलं, तर लॅपटॉप सुईचं ऐकणं सोडतो आणि गाणं आपलं आपण चालू राहतं. लॅपटॉपवर ते बटण उडदाच्या दाण्याएवढं. हादऱ्यात बोट भलतीकडेच पडायचं. म्हणून मिडी कंट्रोलर घ्यायचा ठरलं: बटणांची लहानशी पाटी, दोन तबकड्यांच्या मधे वीतभर जागेत मावेल अशी.

फोनवर तीन निवडले. अमरदीपचा जीव पहिल्यावर. त्याला फिरवायच्या सतरा खुंट्या आणि रंगीत दिवे.

"भर उन्हात दिवे पाह्यते कोण?" मंजुषानं विचारलं.

"मले दिसतात ना."

तिनं सायलीच्या डायपरचा खोका फाडला, तिन्हींची मापं घेऊन पुठ्ठे कापले, पेनानं बटणं काढली. नवऱ्याला बाजेवर उभं केलं. पुढ्यात स्टूल, स्टुलावर पुठ्ठा. मग सायलीच्या डबीतलं काजळ त्याच्या बोटाला लावलं.

"आता मी बाज हालवते. डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबा. खाली पाह्यचं नाही."

आठ महिन्यांची सायली तिच्या कडेवर. मंजुषा गुडघ्यानं बाज हलवायची, अमरदीप बोट मारायचा, सायली खिदळायची. रंगराव दारातून पाहत होते.

"काय करून राह्यले हे?"

"खरेदी, मामाजी."

पहिल्या पुठ्ठ्यावर काजळ खुंट्यांनाच लागलं. दुसऱ्यावर सोळा बारके चौकोन. काजळ शेजारच्या चौकोनात. "यानं तर गाणं बंदच होते," अमरदीप पडलेल्या आवाजात म्हणाला. तिसऱ्यावर फक्त आठ, पण पापडाच्या लाटीएवढे. दहा वेळा बाज हलली, दहाही वेळा काजळ डाव्या कोपऱ्यात. शेवटच्या खेपेला तर सायलीनंही तिथंच हात मारला.

"हा साधा दिसते वं," अमरदीप म्हणाला.

"तुमी बी साधेच दिसता. घेतलंच ना मी."

वाशीमहून पार्सल आणलं. घरी येताच अमरदीपनं डाव्या कोपऱ्याला काजळाचा ठिपका लावला. त्याची काही गरज नव्हती.

चौदा तारखेला पिकअप गल्लीत शिरली. रंगराव दारात पांढऱ्या सदऱ्यात उभे, हात मागं बांधलेले. मंजुषा सायलीला घेऊन त्यांच्याशेजारी. दुसरं कडवं सुरू झालं. फुलचंद तर आधीच तोंड उघडून तयार होता.

पुढचं चाक ढाप्यावर चढलं. अमरदीपनं बोट मारलं. पिकअप हादरली, सुई टणकन उडून तबकडीच्या पार कडेला जाऊन पडली. तीस वर्षांपूर्वीचे रंगराव वरच्या पट्टीत चढले, तिथं थांबले, सावकाश खाली उतरले. कुठं काही अडखळलं नाही.

फुलचंदनं तोंड मिटलं.

रंगराव गाणं संपेस्तोवर हलले नाहीत. मग त्यांनी डोळे पुसले, ढाप्याकडं बघितलं आणि बसक्या आवाजात सुनेला म्हणाले, "पाह्यलं? मी सांगतच होतो. ढाप्यात काही दोष नव्हता."

"नव्हता, मामाजी," मंजुषा म्हणाली.