बाबांच्या पुडीचं तेज

पुडीवाल्या बाबांच्या दारातली रांग इतकी लांब होती की तिचं शेपूट थेट सलूनमध्ये शिरलं होतं. सलूनवाला स्वतःच त्यात उभा होता. बोटं फुगून टम्म, कोपरांवर खवले. कात्री धरवत नव्हती, आणि खवले दिसले की गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पळायचं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हा सोरायसिसचा संधिवात. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या दिल्या; गुण यायला दोन-तीन महिने लागतील म्हणाल्या. पण हातावर पोट, आणि हातच संपावर. एवढा दम कोणाला?

बाबा म्हणाले, "गोळी पोटात अडकते, सुई कातडीत. माझी पुडी थेट आत्म्याला लागू पडते." आपल्या आत्म्याला सूज आहे, हे सलूनवाल्याला तेव्हाच कळलं.

त्याने पुडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी मूठ वळली. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या गटारात गेल्या. दोनेक महिन्यांत भक्तांचे चेहरे गोल गरगरीत झाले. तेज आलंय, असं म्हणत सलूनवाला एकेका गालाला दीडपट साबण लावू लागला.

बायको म्हणाली, "अहो, तेज वाटणाऱ्याचेच गाल खप्पड कसे? तो स्वतःची पुडी का खात नाही?"

तो तिच्यावर डाफरला. तिने गुपचूप एक पुडी डॉक्टरीणबाईंकडे नेली. तपासणीत निघालं स्टेरॉइड: गोळ्या कुटून त्यात राख कालवलेली. त्याने सूज झटपट दबते, चेहरा फुगतो आणि आजार आत सांधे कुरतडत बसतो.

बोभाटा होताच बाबा अंतर्धान पावले. पुडी एकदम बंद झाली, तसे खवले पाठभर पसरले. सलूनवाल्याला उठताही येईना. सगळं कळूनही तो रडत म्हणाला, "एक पुडी द्या हो बाई. राख काढून द्या."

डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइड हळूहळू उतरवलं. मग म्हणाल्या, "गोळी स्वस्त, पण धीर हवा आणि यकृत तपासत राहावं लागतं. इंजेक्शन महाग. ते सूज पेटवणाऱ्या एका घटकालाच अडवतं. पण त्याने जंतुसंसर्ग बळावू शकतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी. तुमची हाडं झिजू लागलीत, तेव्हा आता इंजेक्शन. दोन्हींचे तोटे सांगितले. बाबाने एक तरी सांगितला होता?"

सलूनवाल्याने तपासणीसाठी बाही वर सरकवली.

पुढे कात्री हातात आली. दोन बोटं मात्र कायमची ताठ राहिली. तेव्हा औषध देणाऱ्याला आधी विचारा, यात काय आहे आणि अपाय कोणता? 'काहीच नाही' म्हणाला, तर चपला घाला आणि घरी या.