उसना गळा

ज्ञानेशचं पत्र आलं तेव्हा झुंबर गांगुर्डे अंगणात बसून मिशीला काळा रंग लावत होता. पत्र बघून त्याला नवल वाटलं. ज्ञानेश राहायचा सातपूरला, झुंबर मखमलाबादला. सायकलवर टांग टाकली की माणूस दारात यावा, मग तिकीट चिकटवायची काय गरज? कारण पहिल्याच ओळीत होतं. ‘समोर येऊन बोललो असतो तर नेहमीसारखा माझाच आवाज मोठा झाला असता.’ पुढे चारच ओळी. ‘पुढच्या पिक्चरला मी आवाज देणार नाही. तू स्वतः बोल. तुझा आवाज लपवण्यासारखा नाही. लोक आधी दचकतील, मग त्यांना सवय होईल. काय ते कळव.’

हे सत्त्याण्णव साल. झुंबरने काही कळवलं नाही.

देवाने झुंबरला घडवताना मान, खांदे, छाती यांवर हात सैल सोडला आणि गळ्यापाशी येईपर्यंत माती संपली, असं तालमीतले वस्ताद म्हणायचे. गडी दारात उभा राहिला की खोलीत अंधार पडे. पण तोंड उघडलं की शाळेतली पोर कविता म्हणतेय असं वाटे. मळ्यातला झेंडू आणि फ्लॉवर घेऊन बाजारात गेलं की बाप सांगायचा, “तू निसता पाटीपाशी उभा ऱ्हाय. बोलायचं मी बघतो.” गिऱ्हाईक झुंबरकडे बघून घासाघीस न करता पैसे काढायचं.

चांदवडच्या घाटात एकदा शूटिंग चाललं होतं. गुंडाचं काम करणारा माणूस आलाच नाही, आणि गर्दीत झुंबर उभा होता. दिग्दर्शकाने त्याच्या हातात कुऱ्हाड दिली. तेव्हा चित्रीकरण आधी व्हायचं आणि आवाज नंतर मुंबईच्या स्टुडिओत भरायचे, त्यामुळे घाटात सगळं झकास पार पडलं. मुंबईला जाताना सोबत म्हणून झुंबरने आपल्या दोस्ताला, ज्ञानेशला घेतलं. ज्ञानेश सातपूरला कारखान्यात लेथवर होता, कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी उतरायचा. अंगाने काडी, डोळ्यांवर जाड चष्मा. पण आवाज असा की विहिरीच्या तळातून कुणी दगड ओढतंय.

झुंबर माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “पाटील, गाव सोड, नाहीतर जीव सोड.”

रेकॉर्डिंगवाल्याने कानावरचं काढलं, टेबलावर डोकं टेकलं आणि तो खदखदा हसायला लागला. झुंबरचे कान लाल झाले. त्याची लाज झाकावी म्हणून ज्ञानेशने तेच वाक्य एकदा म्हणून दाखवलं. हसणं थांबलं.

“हा,” दिग्दर्शक म्हणाला, “हाच भरा.”

त्यानंतर झुंबरने किती कोठारं जाळली, किती सावकारांसाठी किती नायकांचा मार खाल्ला, याचा हिशोब त्यालाही नव्हता. पोस्टरवर त्याचे डोळे असत. पडद्यावर त्याचं नाव येई, ज्ञानेशचं कधीच नाही. उद्घाटनांना बोलावणी येत. फीत कापली की पब्लिक ओरडे, “डायलॉग! डायलॉग!” त्यावर दोघांनी तोड काढली होती. झुंबर हातात मुका माइक धरायचा आणि कनातीमागे ज्ञानेश खऱ्या माइकवर गर्जायचा. ओझरला एकदा घोळ झाला. झुंबरने चहाचा कप तोंडाला लावला होता आणि तेवढ्यात ‘जीव सोड!’ दणाणलं. पुढच्या रांगेतला म्हातारा उठून हात जोडून म्हणाला, “गडी पोटातून बोलतो रं!”

त्या दिवशी परतताना दोघं एसटीत हसून हसून बेजार झाले होते.

झुंबरची बायको सुलाबाई मात्र त्याच्या पिक्चरला बसत नसे. “मढं तुमचं, अन् आत दुसराच कोणी शिरून बोलतोय. मला भ्या वाटतं,” म्हणायची.

तर असं सगळं असताना ते पत्र आलं. झुंबरने ते दोनदा वाचलं आणि त्याच्या मनात भलतंच आलं. याला आता पोस्टरवर नाव हवंय. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे आपल्यालाही कळतं म्हणावं. त्याने निर्मात्याला फोन करायला लावला, मुंबईत दुसरा आवाज लगेच मिळाला. ज्ञानेशने शब्द पाळला. तो डबिंगला आला नाही, पैसे मागायला आला नाही, पोस्टरचं नावही त्याने कधी काढलं नाही. झुंबरला आपली चूक कळली. पण कळल्यावर तर लिहिणं आणखीच अवघड झालं.

पुढे दिवस फिरले. गुंड म्हणून जिममधली पोरं येऊ लागली. झुंबर पुन्हा मळ्यात बसू लागला. मिशी रंगवायचं मात्र सोडलं नाही.

मग दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात राकेश नावाचा नाशिकचाच एक तरुण दिग्दर्शक मळ्यात आला. त्याच्या पहिल्या पिक्चरमध्ये बाजारात माल तोलून देणाऱ्या एका तोलाईवाल्या बापाचं काम होतं. बापाची मुलगी दवाखान्यात मरणाच्या दारात आहे आणि तो तिच्या उशाशी बसून बोलतो.

“आवाज कोणाचा लावणार?” झुंबरने विचारलं.

राकेश त्याच्याकडे बघतच राहिला. “काका, तुमचाच. दुसरा कशाला?”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडून त्याचा गळा मागितला होता. पुढचे दोन महिने झुंबर झेंडूच्या वाफ्यांतून ती वाक्यं म्हणत फिरला. ‘ऊठ बाई. तुझ्याबिगर मला वजन कळत नाय.’ सुलाबाई बांधावर बसून ऐकायची. एकदा तिने पदर डोळ्यांना लावलेला त्याने बघितला. आता लोक ऐकतील. ज्ञानेश म्हणाला होता तसं आधी दचकतील, मग सवय होईल. त्याने ठरवलं, पिक्चर लागला की पहिलं ज्ञानेशकडे जायचं, पत्र वगैरे काही नाही. समोर उभं राहून आपल्या तोंडाने सांगायचं, तू म्हणालास ते खरं झालं.

पहिला खेळ नाशिकलाच होता. सुलाबाई नवं लुगडं नेसून शेजारी बसली. पडद्यावर झुंबर आला तसं थिएटरने शिट्ट्यांनी छप्पर उचललं. जुना वाघ आला! दवाखान्याची खोली. मुलगी निपचित. तो भला थोरला देह स्टुलावर बसला, वाकला आणि म्हणाला, “ऊठ बाई.”

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, ते पुढे पसरलं आणि सगळं थिएटर हसू लागलं. झुंबरला वाटलं, दचकले आहेत, थांबतील. पण प्रत्येक वाक्याला हसू चढतच गेलं. मुलगी मेली तेव्हा एकाने टाळी दिली. “अरे, याच्या आईला! हा तर लताबाई निघाला!”

मध्यंतरात राकेश धावत आला. तो घामाने भिजला होता आणि त्याचे डोळे चमकत होते. “काका, चाललं! पब्लिकने उचललं तुम्हाला!”

“सीन रडायचा होता ना रं?”

“होता. आईशप्पथ रडायचाच लिहिला होता.” राकेश जरा घुटमळला. “पण हसले तर हसू द्या ना, काका. हसले म्हणजे चार दिवस जास्त चालेल.”

सुलाबाई त्याच्यावर कडाडली, “तुझा बाप मेल्यावर हसशील का, भाड्या?” मग नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, “अहो, पडद्यावर पहिल्यांदा तुम्ही दिसले मला.” झुंबरने मान हलवली. पण न हसणारं हे एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला तो आवाज आधीपासूनच माहीत होता.

महिन्याच्या आत मुंबईहून फोन आला. “हॅलो,” झुंबर म्हणाला, आणि पलीकडे हसू फुटलं. “वा! हाच! दिसायला राक्षस आणि आवाज असला! पब्लिक मरेल. सलग तीन पिक्चर आहेत. करता का?”

नाही म्हणायला तोंड उघडलं तरी तो माणूस हसणारच होता.

“करतो,” तो म्हणाला.

ज्ञानेशकडे तो गेला नाही. दारात उभं राहून जे सांगायचं होतं, ते आता त्याच गळ्यातून सांगायचं म्हणजे तोही हसला तर काय, ही भीती. ज्ञानेश हसला नसता. पण तेवढा भरवसा झुंबरपाशी उरला नव्हता. त्याने पोस्टातून आंतर्देशीय आणलं आणि ओसरीवर बसून लिहिलं.

‘ज्ञानेश, पत्र मिळालं होतं. तू नावासाठी अडवतोस असं वाटलं, म्हणून उत्तर दिलं नाही. ते चुकलं. तुझं म्हणणं ऐकून बोललो. लोक हसले, आणि आता त्यांना हसायचीच सवय झाली आहे. तू भल्यासाठी लिहिलंस, पण तुझंही चुकलं. भेटायला येऊ नकोस. झुंबर.’

कडा थुंकी लावून चिकटवल्या. नाक्यावरच्या लाल पेटीपाशी पोरं खेळत होती. त्याला बघून त्यातल्या एकाने आवाज बारीक केला आणि म्हटलं, “ऊठ बाई!” झुंबरने पत्र पेटीत सोडलं आणि ते आत पडल्याचं ऐकू येईपर्यंत हात तिथेच ठेवला.