शेपटीवरची वळी

चांगुणाने प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातला उंदीर शेपटीला धरून उचलला आणि ती थबकली. पांढऱ्या शेपटीवर काळ्या शाईची दोन वळी होती, पूर्ण गोल. ओळखीसाठी तिने काढलेलं वळं कधीच पूर्ण होत नसे. शेपटी अंगठ्याने धरलेली असायची, तेवढी जागा कोरी राहायची. बावीस वर्षं ती तशीच राहिली होती.

तिने पिंजऱ्यातले बाकीचे पाचही पाहिले. सगळ्यांची वळी पूर्ण, अंगं तुकतुकीत. शनिवारी याच पिंजऱ्यातले उंदीर केस पिंजारून कोपऱ्यात दबून बसले होते. आधी लस टोचलेले, मग फ्लूचा विषाणू दिलेले. तरी वजन रोज घटत होतं, लस न दिलेल्यांसारखंच. रविवारी चांगुणाची सुट्टी. त्या दिवशी किल्ली एकट्या संशोधक योगिनीकडे होती.

लस योगिनीची. विषाणूच्या जनुकाचा तुकडा चरबीच्या अगदी बारीक थेंबांत भरून शरीराच्या पेशींत पोचवायचा, हे तिने चांगुणाला कितीदा तरी समजावलं होतं. बर्फाशिवाय तुमच्या हरसूलपर्यंत जाईल, असंही म्हणाली होती, आणि चांगुणाने ते गावभर सांगितलं होतं. हीच पोरगी शिकायला आली तेव्हा उंदराला हात लावताना रडायची. चांगुणाने तिच्या हातावर हात ठेवून धरायला शिकवलं. डब्यातली नागलीची भाकरी तेव्हापासून निम्मी तिची.

योगिनी आत आली तशी चांगुणाने विचारलं, "ताई, हे उंदीर कुठले हायेत?"

"तिसऱ्या पिंजऱ्यातले. असं काय विचारता, मावशी?"

"ह्यांना फ्लू दिलेलाच नाय. अन् ह्या खुणा माझ्या नायत."

योगिनीने दार लोटलं. मग ती भराभर बोलत राहिली. चरबीचं प्रमाण जरा चुकलंय, पुढच्या खेपेला जमणारच आहे. गुरुवारी तपासणीला माणसं येताहेत, त्यांनी काम बंद केलं तर आठ वर्षं पाण्यात, आणि तुमची नोकरीही जाईल. शेवटी तिचा आवाज खाली आला.

"तुम्ही फक्त वजनं लिहा आणि सही करा. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी डब्यातली भाकरी निघते, पोरी. सही नाय निघत."

चांगुणाने सहाही उंदरांची वजनं घेतली, वहीत मांडली आणि शेऱ्याच्या रकान्यात ठळक लिहिलं : हे शनिवारचे उंदीर नाहीत. त्याखाली सही केली. योगिनी शेजारी उभी राहून वाचत होती. तिने वही उचलली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चांगुणाला निरोप आला, आजपासून काचसामान धुवायचं. उंदरांच्या खोलीत नवी कोरी वही आली होती. जुनीचं काय झालं, ते तिला कुणी सांगितलं नाही.

दुपारी योगिनीच्या टेबलावरचा गोल चंबू धुवायला आला. आत चरबीचा पातळ थर सुकून काचेला चिकटला होता. थंड पाण्याने तो हलेना. चांगुणाने पाणी उकळलं, साबण घालून आतून ब्रश फिरवला, चंबू खिडकीशी नेऊन उजेडात धरला. तळाशी अजून जरा धुरकट होतं.

तिने पुन्हा गरम पाणी ओतलं.