काढा, म्हणजे काढली

“काकू, कागदावर लिवलंय तसंच केलं मी,” पोपट म्हणाला. “काढा. म्हणून काढली.”

चित्राताई रिकाम्या वाफ्याकडे बघत राहिल्या. कालपर्यंत तिथे तुळस, गवती चहा आणि अडुळसा यांची दाटी होती, कुंपणावर गुळवेल चढलेली होती. आता नुसती उकरलेली माती. सोसायटीच्या माळ्याने वाफा चकचकीत साफ केला होता, आणि मधल्या काठीवरचा प्लास्टिकच्या पिशवीतला कागद मात्र इमानाने जागच्या जागी ठेवला होता.

कागद त्यांच्या यजमानांच्या, हरिहररावांच्या हातचा. वर ठळक ‘काढा’, खाली चार झाडांची नावं. त्याखाली ‘यांची पाने काढ्यासाठी राखून ठेवली आहेत, कृपया उपटू नयेत’ असं एक अख्खं वाक्य होतं; पण त्यातली अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर बसली होती आणि सगळ्यांचा मिळून शाईचा डाग झाला होता.

हरिहरराव ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत चौतीस वर्षं कारकून होते. हुद्दा बेताचाच, पण अक्षर मोत्यासारखं. साहेबलोक मुलींच्या लग्नपत्रिकांवरची नावं सुद्धा त्यांच्याकडूनच लिहून घेत. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली, आणि दोन्ही वेळा आठवडाभर आधी सर्दी होऊन खोकला छातीत उतरला. खोकणाऱ्या माणसाच्या डोळ्याला मी हात लावत नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तिसरी तारीख वीस जानेवारीची होती, बारा दिवसांवर आलेली.

या तारखेच्या मागे चित्राताई हात धुऊन लागल्या होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला, त्यामुळे हुकूम सोडायची सवय. ऑक्टोबरातच दोघांनी फ्लूची लस टोचून घेतली. रात्री साडेनऊला दिवे बंद. सकाळी अर्धा तास ऊन, जेवणात मुगाचं कढण आणि आवळा. नातीला शिंक आली की आजोबा फक्त फोनवर. आणि दोन वेळा काढा. काढ्याने जंतू मरत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तो गरम कप हातात असला की हा अस्वस्थ माणूस उन्हात गप्प बसतो, घशाला शेक मिळतो, आणि आपल्या तब्येतीसाठी आपणही काही करतोय असं त्याला वाटतं. त्यांच्या लेखी तेही औषधच होतं.

तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी शौनक गेटमधून आला. हेल्मेट काढायच्या आधीच त्याचा पारा चढला.

“पोपट, तुला वाचता येत नाही का रे? चार महिने वाढवलेली झाडं होती ती. उद्यापासून येऊ नकोस, मी दुसरा माळी बघतो.”

हरिहरराव काठी टेकत खाली उतरले होते. “इतकं स्वच्छ लिहिलं होतं मी,” ते कळवळून म्हणाले. “जाऊ दे शौनक. बिचाऱ्याला अक्षरओळख नसेल.”

पोपट मातीकडे बघत उभा राहिला. चित्राताई काठीवरच्या कागदाकडे वळल्या. कागद लिहून झाल्यावर हरिहररावांनी तो त्यांच्यापुढे धरून विचारलं होतं, “नीट आलंय ना गं?” चित्राताईंना शेवटची ओळ लागली नव्हती. तरी त्या म्हणाल्या होत्या, “छान आलंय.”

पण संध्याकाळी त्या शौनकच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. “पोपटला काढायचं नाही. चूक माझी आहे. अक्षर लागत नव्हतं, ते मला दिसलं होतं आणि तरी मी तो कागद लावला.”

“मग काकांना सांगायचं ना, काकू.”

“नाही सांगता आलं,” त्या म्हणाल्या. “आणि तूही सांगू नकोस, निदान डोळा होईपर्यंत.”

दुसऱ्या दिवशी पोपट आला तो मोहन्याच्या घरून पिशवी भरूनच. कचऱ्यात टाकलेले गवती चहाचे ठोंब त्याने शोधून पुन्हा लावले, गुळवेलीचे तुकडे कुंपणाशी खोचले. तुळस वाळून गेली होती, तिचं नवं रोप त्याने घरून आणलं होतं. आणि अडुळशाच्या पानांची जुडी चित्राताईंच्या हातात दिली. “हे जगंपर्यंत रोज घरचा पाला आणंन. काकांचा काढा चुकाया नको.” चित्राताईंना त्याच्याकडे वर बघवलं नाही.

काढा चुकला नाही. वीस तारखेला हरिहररावांचा घसा साफ होता आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

दहाव्या दिवशी काळा चष्मा लावून ते उन्हात बसायला खाली आले. काठीवरचा कागद कुणीच काढला नव्हता. ते वाकले, चष्मा वर केला आणि बराच वेळ वाचत राहिले.

“चित्रा, हे असं होतं?”

“हो.”

“आणि तू छान म्हणालीस.”

चित्राताईंना रडू आलं, त्यांनी पदराने डोळे टिपले. हरिहररावांनी कागद पिशवीतून काढला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि कुंपणापाशी पाणी घालणाऱ्या माळ्याला हाक मारली.

“पोपट, शाळा किती झाली रे तुझी?”

“सातवी पास हाय काका.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

पोपटने पाइप गुळवेलीच्या मुळाशी सोडला. “तुमी समोर होता ना.”

हरिहररावांनी वरून कोरा कागद आणि पेन मागवलं. मांडीवर पाट घेऊन ते लिहायला बसले. दोन ओळींना पाऊण तास लागला. त्यांच्या कपातला काढा पार निवून गेला, आणि चित्राताई त्या दिवशी पहिल्यांदाच त्यावरून बोलल्या नाहीत. लिहून झाल्यावर त्यांनी कागद बायकोकडे वळवला नाही, पोपटपुढे धरला.

“तू वाच. तू हो म्हणालास तर लावू.”

पोपटने हात पँटला पुसले आणि ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचलं.

“काढ्याची झाडं. उपटू नका.”

“लागतंय?”

“लागतंय, काका,” पोपट म्हणाला आणि काठी घट्ट रोवायला खाली वाकला.