वाढत्या अंगाला चार बोटं

दुकानाला एक नियम बाबांनी घालून दिला होता. वाढत्या अंगाला चार बोटं, थांबलेल्या अंगाला एक. म्हणजे पोरासोरांचे कपडे शिवताना शिवणीच्या आत चार बोटं कापड दाबून ठेवायचं, पुढं उसवून सैल करता यावं म्हणून. मोठ्या माणसाला एक बोट पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर गिऱ्हाइकाला वाटतं, हा शिंपी आपण फुगण्याची वाटच बघतोय. बाबा गेले, नियम राहिला आणि दुकान दोघी बहिणींकडं आलं.

धाकटी पुढं उभी राहायची. मापं घ्यायची, कापड बेतायची, गोड बोलायची. थोरली मागच्या खोलीत मशीनवर. थोरलीला घरीदारी सगळे ढब्बू म्हणत, इतकं की शाळेच्या बाईंच्या तोंडीही तेच बसलं होतं. तिला मागं बसवायचं असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. तसं ठरवावंच लागत नाही. ती काही आणायला पुढं आली आणि तेवढ्यात कुणी दारात दिसलं, की धाकटी हळूच म्हणायची, "ताई, आत चल." ढब्बू आत जायची.

मग एकदा ढब्बूने मनावर घेतलं. तोंडाला टाका घातला, चालून चालून चपला झिजवल्या आणि खरोखर निम्मी झाली. पण कातडीला कुणी सांगावं? ती होती तेवढीच राहिली. पोटावरून तिचा झोळ लोंबायचा. रोज सकाळी ढब्बू तो गोळा करून कमरेच्या नाडीत खोचायची, आणि उकाड्यात त्याखाली लालभडक चट्टे उठायचे. जाडी होती तेव्हा लोक निदान हसायचे. आता हसतही नव्हते, नुसते बघून नजर वळवायचे.

तो झोळ कापून काढायला सर्जनने अट घातली होती. आधी वर्षभर वजन एका जागी ठेवून दाखवा. "अंग थांबल्याशिवाय मी कात्री लावत नाही," तो म्हणाला. ढब्बूला माणूस एकदम पसंत पडला, अगदी बाबांसारखं बोलत होता. वर्षभर तिने काटा जागचा हलू दिला नाही. रोज सकाळी वजन करायची आणि धाकटीला सांगायची. धाकटी "हं" म्हणायची.

पण तारीख ठरली तेव्हा धाकटीनेच तिचा हात हातात घेतला. "बरी होऊन ये. असा ड्रेस बेतते तुला, की बघत राहशील. आणि मग अर्धा दिवस पुढं तूच उभी राहा बाई, माझ्या पायांचे तुकडे पडतात." ढब्बूने हे बोलणं पदरात बांधून घेतलं. तिला सडपातळ दिसायचं नव्हतं, कुणाला मोहवायचं नव्हतं. तिला पुढं उभं राहायचं होतं, एवढंच.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जनने तिला उघडं उभं करून पोटावर जाड पेनाने रेघा मारल्या. झोळ चिमटीत धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. ढब्बूला राहवलं नाही. "डॉक्टर, उजवीकडं रेघ तिरकी जातेय."

"तुम्ही तिरक्या उभ्या आहात," तो म्हणाला. आणि होतीच ती तशी. लोकांपुढं उघडं उभं राहायची सवय कुठं होती तिला?

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. ढब्बूची मुंगी लंगडीच होती. दोन्ही बाजूंनी नळ्या, नळ्यांच्या टोकाला लालसर पाण्याने भरणारे फुगे. सरळ उभं राहिलं की टाके ओढायचे, म्हणून वाकून चालायचं, पडलेली वस्तू शोधत असल्यासारखं. वरून घट्ट पट्टा, झोपतानाही काढायचा नाही. खोकला आला तर पोटाशी उशी धरायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

आणि उगाच खोटं कशाला बोला, धाकटीने सेवा केली. फुगे रिकामे केले, अंग पुसलं, गुडघ्यांखाली उशा सरकवल्या, नाक मुरडलं नाही. ढब्बू मनात म्हणाली, बहीण असावी तर अशी. पुढं तिला त्या विचाराचाच जास्त संताप आला.

नळ्या निघाल्या, पाठ सरळ झाली आणि एका सकाळी धाकटीने ड्रेस आणून दिला. गडद हिरवा, बेतलेला तिनेच, शिवलेलाही तिनेच. शिंप्याच्या लेकी कपडा आधी उलटा करून बघतात. ढब्बूनेही उलटा केला. दोन्ही कुशींच्या शिवणीत कापड दाबलेलं होतं. तिने त्यावर बोटं ठेवली. चार.

"हे काय गं?"

"असू दे. संध्याकाळी सूज येते ना तुला?"

"सुजेला दोन बोटं पुष्कळ झाली."

धाकटी हसली. आपलं माणूस हसतं तसंच हसली. "ताई, जित्याची खोड असते ती. सगळेच परत फुगतात गं. चांगलं कापड वाया कशाला घालवायचं?" आणि पुढं गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेली.

ढब्बूने मोठी कात्री घेतली. वर्षभर काटा रोखून धरला होता, पोट फाडून घेतलं होतं, आणि सख्ख्या बहिणीच्या लेखी ती अजून वाढतंच अंग होती. तिने एक बोटही ठेवलं नाही. शिवणीला अगदी लागून कापत गेली. असं कापलेलं कापड ताण पडला की सुटतं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पोटाच्या पट्ट्याची कड ड्रेसवरून दिसली असती, म्हणून तिने पट्टाही काढून ठेवला. मग ड्रेस घातला, गळ्यात टेप टाकला आणि पुढं जाऊन उभी राहिली.

दिवस छान गेला. दोन बायकांची मापं तिने घेतली. एकीने विचारलं, "तुम्ही नवीन का इथं?" ढब्बू म्हणाली, "हो, नवीनच." दुपार कलली तशी सूज चढायला लागली. ड्रेस आवळला, श्वास वरच्या वर राहू लागला. तरी ती हलली नाही. संध्याकाळी एका बाईला वरच्या फळीवरचं कापड हवं होतं. ढब्बूने हात वर केला आणि कुशीची शिवण काखेपासून कमरेपर्यंत टरकली.

"ताई," धाकटी म्हणाली, "आत चल."

ढब्बू आत गेली. धाकटी सुईदोरा घेऊन मागोमाग आली, गुडघ्यांवर बसली, शिवण चाचपू लागली. "कापड कुठं गेलं?"

"कापलं."

"अगं वेडे, आता टाका कशावर घालू?"

"एक वर्ष काटा हलला नाही माझा," ढब्बू म्हणाली. "तो परका डॉक्टर म्हणाला, अंग थांबलंय. तुला का नाही वाटलं?"

धाकटी सुई बोटांत फिरवत राहिली. "मला वाटायचं, तू परत पहिल्यासारखी होशील," ती म्हणाली. मग खाली बघून, "तुझ्याशेजारी मी बरी दिसायचे गं."

पुढून त्या बाईने हाक मारली. धाकटी उठली, ढब्बूच्या गळ्यातला टेप काढून आपल्या गळ्यात टाकला आणि बाहेर गेली.

खुंटीवर ढब्बूचा जुना गाऊन होता. तो टाकून द्यायला तिनेच सांगितलं होतं, पण कुणीतरी धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. तिने फाटका ड्रेस उतरवला आणि गाऊन डोक्यावरून घातला. आत तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. तो कुठंच आवळत नव्हता, टाक्यांना लागत नव्हता, श्वास पोटापर्यंत पोचत होता. आणि त्यात बरं वाटलं, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.