बिनधुराची शेकोटी

देवाशपथ सांगते, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीपुढे उभी करा, तिथंही हेच सांगेन. यातला शब्दन् शब्द खरा आहे!

दोन हजार सतराचा डिसेंबर. माझी नणंद सोनीबाई तलासरीच्या पाड्यावरून आमच्या डहाणूच्या फ्लॅटवर आलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर धुरापासून लांब राहा, नाहीतर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिच्या घरी चूल, अंगणात शेकोटी. म्हणून इथं आणली.

चौथ्या दिवशी तिनं पिशवी भरली.

"वहिनी, मी जाते. तुमच्याकडे विस्तव नाही."

"गॅस आहे की."

"गॅसभोवती कोण बसतं?"

"अगं, डोळा जाईल."

"एक गेला तर दुसरा आहे."

माझा नातू मनिष रेल्वेत आहे. त्यानं टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. पडदाभर विस्तव. लाकडं तडतडतायत, बाकी ना गाणं, ना माणूस.

"आत्याआजी, थंड देशांत नाताळला लोक हे तासन् तास बघतात."

सोनीबाई पिशवी मांडीवर घेऊनच बसली. "ते लाकूड आत सारा कोणीतरी," म्हणाली. कोणी सारलं नाही. तरी जेवणापर्यंत हलली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ती खालून सुरूची काटकी घेऊन आली आणि टीव्हीखाली ठेवली. पाड्यावर दुसऱ्याच्या शेकोटीला रिकाम्या हातानं बसत नाहीत. मनिष हसायला लागला.

"हसतोस काय? फुकट शेकत नाही मी."

शेजारची निलम, शाळेत शिकवते ती, तिनं हे पाहिलं. तीही सासूला घेऊन आली, दोघींच्या हातात एकेक काटकी. आठवड्यात चार बिऱ्हाडं जमायला लागली. गप्पा तर अशा, की टीव्ही बंद करायची आठवणच राहायची नाही. ऊब इतकी की पंखा लावला. मी पडद्याला रताळं टेकवून ठेवलं, अर्ध्या तासात भाजलं. सोलताना बोट पोळलं माझं.

महिना भरला. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा पाहिला. "उत्तम. आता खुशाल घरी जा."

दवाखान्याबाहेर सोनीबाई म्हणाली, "वहिनी, अजून आठ दिवस राहू का?" आणि राहिली.

आता महालक्ष्मीचं नाव घेतलंय, तर सांगून टाकते. ते शेवटचं ती बोललीच नाही. ती रिक्षा बघत होती. मीच तिचा पदर धरला आणि म्हटलं, "राहा गं अजून आठ दिवस."

रताळ्याचं मात्र खरं आहे.